कट मोजणारी माणसं

आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रत्येक चित्रपटाला एक क्रमांक असतो. पानाच्या पत्त्यात 'टीटी' ही दोन अक्षरं येतात आणि त्यांच्यामागे तो आकडा. सहा शून्यं आणि शेवटी एक, असा क्रमांक टाकला की समोर येते 'कार्मेनसिता'. साल १८९४. अमेरिकेतलं न्यू जर्सी, एडिसनचा काळ्या डांबरी कागदाने मढवलेला स्टुडिओ आणि त्यात घेर उडवत नाचणारी एक स्पॅनिश नर्तकी. सगळा मिळून अर्ध्या मिनिटाचाही ऐवज नाही. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली, त्याच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा ही नर्तकी पडद्यावर येतच नव्हती. एडिसनच्या पेटीला डोळे लावून एका वेळी एकाच माणसाने तिला बघायचं.

आणि तरीही नाचणारी कोण, चित्रण कोणी केलं, निर्माता कोण, हे सगळं त्या पानावर नोंदलेलं आहे. एवढी काळजी कोणी घेतली असेल?

उत्तर शोधायला १९९० सालात जावं लागतं. तेव्हा वेब सर्वसामान्यांपर्यंत पोचलेलं नव्हतं. विद्यापीठांत आणि कंपन्यांत संगणकावर काम करणारी काही सिनेमावेडी माणसं यूझनेट नावाच्या जाळ्यावर एकमेकांना मजकूर पाठवत असत. त्यांच्यात याद्यांचं वेड पसरलं होतं. एकाने सुंदर डोळ्यांच्या अभिनेत्रींची यादी सुरू केली, दुसरा दिग्दर्शकांची सांभाळू लागला, तिसरा दिवंगत कलाकारांची. या सुट्या याद्यांमध्ये एकदम शोध घेता येईल असे छोटे प्रोग्रॅम इंग्लंडमधल्या कॉल नीडहॅम या तरुण अभियंत्याने लिहिले आणि १७ ऑक्टोबर १९९० रोजी सगळ्यांना देऊन टाकले. आयएमडीबीचा जन्म तो. १९९३ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या संगणकावरून त्या याद्या वेबवर आल्या आणि १९९८ मध्ये अ‍ॅमेझॉनने सगळा पसारा विकत घेतला. मुळात काय होतं, तर दिवे लागल्यावर प्रेक्षागृह रिकामं होत असताना श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचणारी माणसं.

आयएमडीबीवर बहुतेक जण जातात ते गुण बघायला. त्या गुणांमागे एक सुंदर गणित आहे. समजा, एका नव्या चित्रपटाला दिग्दर्शकाच्या बारा नातेवाइकांनी दहापैकी दहा दिले. सरासरी दहा! मग तो जगातला सर्वोत्तम चित्रपट ठरायचा का? 'टॉप २५०' या यादीसाठी या संकेतस्थळाने वर्षानुवर्षं जाहीर ठेवलेल्या सूत्राचं उत्तर असं: प्रत्येक चित्रपटाच्या खात्यात आधी काही हजार काल्पनिक, मध्यम मतं टाकायची आणि मग खरी मतं मिळवायची. ही काल्पनिक मतं २५,००० आणि त्यांची सरासरी ७ धरू. २५,००० प्रेक्षकांनी ९ गुण दिले, तर निकाल ८ येतो. तेच ९ गुण अडीच लाख प्रेक्षकांनी दिले, तर तो ८.८ च्या पुढे जातो. म्हणजे जितकी माणसं जास्त, तितका त्यांच्या मतावर विश्वास जास्त. अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संभाव्यताशास्त्राची ही कल्पना. ती आज 'शॉशँक रिडेम्प्शन' आणि 'गॉडफादर' यांची पायरी ठरवते, याचं मला फार कौतुक वाटतं.

'रॉटन टोमॅटोज'च्या टक्केवारीचं मात्र नेमकं उलटं आहे. तिथे ९० टक्के याचा अर्थ शंभरपैकी नव्वद गुण असा अनेक जण घेतात. ते गुण नाहीतच. शंभरातल्या नव्वद समीक्षकांचा कल होकाराकडे होता, एवढंच ती टक्केवारी सांगते. दहाच्या दहा जणांनी 'ठीक आहे, बघायला हरकत नाही' म्हटलं तर तो चित्रपट शंभर टक्क्यांवर जातो. सहा जणांनी डोक्यावर घेतलेला आणि चौघांना असह्य झालेला चित्रपट साठावर थांबतो. मला स्वतःला यांतला दुसरा बघावासा वाटेल. हे संकेतस्थळ सेन्ह डुआँग या तरुणाने १९९८ मध्ये सुरू केलं. जॅकी चॅनचा तो निस्सीम चाहता होता आणि त्याच्या चित्रपटांची परीक्षणं त्याला एका जागी हवी होती. पुन्हा तेच, एका चाहत्याची वही.

कामाची म्हणून आणखी दोन नावं लगेच सांगून टाकतो. एखादा चित्रपट आत्ता कुठल्या ओटीटीवर आहे हे 'जस्टवॉच' सांगतं. आपण काय पाहिलं याची रोजनिशी ठेवायला 'लेटरबॉक्स्ड' आहे. ते २०११ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला सुरू झालं. दोन्ही वापरायला सोपी आहेत, त्यामुळे त्यांच्यावर जास्त बोलायला नको.

मला ओढ आहे ती यापेक्षा हट्टी ठिकाणांची. चित्रपटांत दिसणाऱ्या मोटारी ओळखणारं एक संकेतस्थळ आहे, आयएमसीडीबी. नायकाची गाडी तर ओळखतातच, पण मागून क्षणभर जाणारी टॅक्सीसुद्धा मॉडेलसकट नोंदतात. बंदुकांसाठी असंच एक वेगळं आहे, विमानांसाठी वेगळं. चित्रपटातल्या टेबलांवर ठेवलेले संगणक कोणत्या बनावटीचे, हे शोधणारं आणखी एक. आणि एका ठिकाणी मूळ प्रश्न एवढाच होता की या चित्रपटात कुत्रा मरतो का. ज्यांना ते बघवत नाही त्यांना आधी कळावं म्हणून आधी पाहून आलेले लोक तिथे हो किंवा नाही असं मत देतात. पुढे त्यात इतर प्रश्नांची भर पडली: लहान मुलाला इजा होते का, साप दिसतो का, डोळे दिपवणारे लखलखते दिवे आहेत का. अपस्माराचा त्रास असलेल्या प्रेक्षकासाठी हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा असतो. अनोळखी प्रेक्षकाची इतकी बारीक काळजी कुठल्याही परीक्षणात मी पाहिलेली नाही.

या सगळ्या हट्टी मंडळींत माझी सर्वांत आवडती म्हणजे 'सिनेमेट्रिक्स'ची. शिकागो विद्यापीठातले चित्रपट-इतिहासकार यूरी त्सिव्यान यांनी २००५ मध्ये ते सुरू केलं. त्यांनी मागितलं अगदी साधं काम. चित्रपट लावायचा, समोर प्रोग्रॅम उघडा ठेवायचा आणि प्रत्येक कटला, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू झाला की, एक कळ दाबायची. शेवटी प्रोग्रॅम शॉटची सरासरी लांबी काढून देतो, कुठे कट दाट आले आणि कुठे विरळ याचा आलेख काढतो. तो आलेख सगळ्यांच्या सामायिक साठ्यात जातो.

हिशेब शाळकरी आहे. दोन तासांचा चित्रपट म्हणजे ७,२०० सेकंद. त्यात ६०० शॉट असतील तर सरासरी १२ सेकंद, २,४०० असतील तर ३ सेकंद. अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी असे आकडे मांडून दाखवलं होतं की १९३० ते १९६० या काळात हॉलिवूडच्या बहुतेक चित्रपटांत ही सरासरी ८ ते ११ सेकंद असे, आणि शतक संपता संपता ती ३ ते ६ सेकंदांवर आली. आपल्याला वाटतं, आपण आजी-आजोबांसारखाच सिनेमा बघतो. पण दर शॉटमागे आपल्या डोळ्यांना मिळणारा वेळ निम्म्यावर आलेला आहे. दुसऱ्या टोकाला हिचकॉकचा १९४८ चा 'रोप' आहे, सगळा मिळून दहा-अकरा शॉटांचा. कॅमेऱ्यात एका वेळी हजार फूट फिल्म मावायची आणि ती साधारण अकरा मिनिटांत संपायची, म्हणून त्याला तेवढेही शॉट करावे लागले.

हा प्रयोग घरी जरूर करून बघा. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' लावा आणि कट मोजा. कॅमेरा खोलीच्या एका बाजूला स्थिर उभा, माणसं येतात, बसतात, तारीख पडते, निघून जातात, आणि तुमचं बोट कळीवर तसंच थांबून राहतं. मग कुठल्याही ताज्या मारधाडपटातली पाच मिनिटं मोजा. मोजताना गोष्ट हातून निसटते हे खरं. पण पुढच्या वेळी तोच चित्रपट बघताना संकलकाचा श्वास ऐकू येऊ लागतो: इथे त्याने थांबू दिलं, इथे घाई केली, इथे चेहरा आणखी दोन सेकंद धरून ठेवला.

हे काम पूर्वी किती अवघड होतं! चित्रपट एकदा पडद्यावरून उतरला की उतरला. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं आणि पी. के. नायर यांनी देशभर हिंडून रिळं गोळा केली, तेव्हा निदान ती टिकण्याची सोय झाली. फाळकेंच्या 'राजा हरिश्चंद्र'ची आज उरलेली रिळं अशाच धडपडीतून वाचली. ती १९१३ ची की पुन्हा केलेल्या १९१७ च्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण एखादं दृश्य थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पुन्हा बघायचं तर स्टीनबेकच्या, म्हणजे चित्रपट-संकलनाच्या, टेबलासमोर बसायला मिळायला हवं, आणि ते भाग्य चित्रपट शिकणाऱ्यांचं.

आता ते टेबल सगळ्यांसाठी उघडं आहे. रोमन अक्षरांत 'इंडियनसिनेमा' असं सलग लिहा आणि शेवटच्या दोन अक्षरांआधी टिंब द्या, की पत्ता तयार. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहामागे मुंबई, बंगळुरू आणि बर्लिनमधले कलाकार, वकील आणि प्रोग्रॅमर एकत्र आले. आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलमेन यांचा भारतीय चित्रपटांचा कोश हा त्याचा पाया. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाचं वर्ष संपल्यानंतर ६० वर्षं टिकतो. १९३६ चा 'संत तुकाराम' म्हणूनच १९९७ सुरू झालं त्या दिवसापासून सगळ्यांच्या मालकीचा आहे.

तिथे चित्रपटाखाली एक पट्टी दिसते. नीट बघा, ती पट्टी म्हणजेच अख्खा चित्रपट. एका प्रकारात प्रत्येक फ्रेममधली एकच उभी रेघ घेऊन सगळ्या रेघा शेजारी शेजारी लावलेल्या असतात. कॅमेरा आणि माणूस दोन्ही स्थिर असले की आडवे सरळ पट्टे उमटतात. कोणी हललं की त्यांना लाटा येतात. कट आला की सरळ उभी चीर पडते. दोन तासांचा काळ कागदासारखा समोर पसरलेला असतो, आणि ज्या चिरेवर बोट ठेवाल तिथून चित्रपट सुरू होतो. पागनीसांचा तुकाराम आणि गौरीची आवली यांच्या एखाद्या प्रसंगाची नेमकी सुरुवात आणि शेवट निवडून तेवढाच तुकडा मित्राला पाठवता येतो, त्यावर टिपण लिहिता येतं. शेवटी तुकोबा गरुडावर बसून वैकुंठाला निघतात ते दृश्य फ्रेम-फ्रेम करून बघा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांनी संगणकाशिवाय ते कसं साधलं असेल, याचा विचार करताना माझी संध्याकाळ कधी सरते ते मला कळत नाही.

त्या चित्रपटाच्या काळातली हवाही वाचता येते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाशी जोडलेलं 'लँटर्न' हे संकेतस्थळ जुन्या चित्रपट-मासिकांच्या लाखो पानांत एकदम शोध घेतं, आणि त्या साठ्यात बाबूराव पटेल यांचं मुंबईतून १९३५ पासून निघणारं 'फिल्मइंडिया' आहे. त्याचे अंक न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या ग्रंथालयाने जपून ठेवले होते. शांता आपटे यांनी १९३९ मध्ये प्रभात स्टुडिओच्या फाटकासमोर उपोषण केलं होतं. अशा घटनांच्या वेळी चित्रपटसृष्टीची भाषा कशी होती, जाहिराती कशा होत्या, कोणाच्या नावाचे ठसे मोठे होते, हे अशाच अंकांतून कळतं. पानाचं छायाचित्र वाचून संगणक त्यातली अक्षरं ओळखतो, म्हणून शोध लागतो. 'फिल्मइंडिया' इंग्रजीत होतं, त्यामुळे हे जमलं.

मराठी नियतकालिकांची पानं अशी सहज शोधता येत नाहीत. थिएटरबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका तर आजही घराघरांतल्या कपाटांत आहेत. त्यांत गाण्यांच्या आधी कलाकारांची, वादकांची, कधी रंगभूषाकाराची नावं छापलेली असतात, आणि आयएमडीबीवर नेमक्या त्याच जागा रिकाम्या दिसतात. तिथे नोंद घालायला पैसे पडत नाहीत. खातं उघडायचं, चित्रपटाच्या पानाच्या तळाशी दुरुस्तीची जागा आहे तिथे नाव आणि काम लिहायचं. तपासणी झाली की ते पानावर येतं.