ओळख आणि बंदोबस्त

ज्या रोगाने मनुष्य कधी अंथरुणाला खिळला नाही, किंबहुना ज्याचे नावही त्याच्या कानी पडले नाही, त्या रोगाची साक्ष त्याचे रक्त वर्षानुवर्षे जपून ठेवते, ही गोष्ट प्रथम वाचनात आली तेव्हापासून तिने माझी पाठ सोडलेली नाही. गडबसारख्या गावी, जेथे एका अंगाला धरमतरची खाडी, दुसऱ्या अंगाला भातखाचरे आणि मधून मुंबई-गोवा महामार्ग, तेथे राहणाऱ्या माणसाला डासांविषयी एक प्रकारचा आदर बाळगावाच लागतो. आणि संध्याकाळी दार लोटून घेताना आपल्या स्वतःच्या रक्तात आजवर कोणकोणत्या विषाणूंची नोंद झाली असेल, असा विचार मनात आला तर त्यात नवल नाही. प्रतिपिंड, म्हणजे ज्याला वर्तमानपत्रांनी कोरोनाच्या काळात घराघरांत ‘अँटिबॉडी’ या नावाने पोहोचवले, तो या नोंदीचा कर्ता. जेन्नर, पाश्चर आणि परळचे हाफकिन यांची चरित्रे वाचकांना मुखोद्गत असल्यामुळे ती येथे उगाळीत बसत नाही. मला सांगावयाचे आहे ते एका विस्मृत निबंधाविषयी आणि त्यातून निघालेल्या एका वादाविषयी, जो माझ्या मते लसशास्त्राच्या मुळाशी आहे.

१९५२ साली पुण्यात, अमेरिकेचे रॉकफेलर प्रतिष्ठान आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त विद्यमाने, ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ स्थापन झाले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. या केंद्राने आरंभीच देशाच्या निरनिराळ्या भागांतील माणसांचे रक्तद्रव गोळा करून तपासले, आणि त्या तपासणीचे फलित १९५४ साली ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’त अवघ्या दहा पानांत छापून आले. लेखक तीन : स्मिथबर्न, कर आणि गटणे. स्मिथबर्न म्हणजे युगांडात १९३७ साली एका स्त्रीच्या रक्तातून ‘वेस्ट नाइल’ विषाणू शोधून काढणारे केनेथ स्मिथबर्न. ऑस्टिन कर हे पुण्याच्या केंद्राचे पहिले संचालक. आणि तिसरे पी. बी. गटणे. गटणे हे आडनाव मराठी वाचकाला एका निराळ्याच प्रकरणी इतके परिचित आहे की या गंभीर निबंधाच्या शिरोभागी ते पाहून मला क्षणभर हसू आले. परंतु पुढे वाचू लागल्यावर हसू मावळले, कारण या दहा पानांत जी पद्धत अवलंबिली आहे तिची शिस्त भल्याभल्यांना लाजविणारी आहे.

ती पद्धत अशी. संशयित मनुष्याच्या रक्तातील पेशी वगळून उरलेला पिवळसर, निवळ द्रव घ्यावयाचा. त्यात माहीत असलेला विषाणू मिसळावयाचा. मिश्रण काही काळ उबेत ठेवावयाचे. आणि मग अतिसूक्ष्म सुईने त्याचा थेंब पांढऱ्या उंदरांच्या मेंदूत सोडावयाचा. त्यानंतर रोज पिंजऱ्याशी जाऊन कोणते उंदीर केस पिंजारून कुबड काढून बसले, कोणते लुळे पडले, कोणते मेले आणि कोणते खुशाल दाणे खात आहेत, एवढीच नोंद करीत राहावयाचे. उंदीर वाचले तर रक्तद्रवात त्या विषाणूला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड होते. मेले तर नव्हते. यंत्र नाही, संगणक नाही. मृत्यू आणि जीवित हीच काय ती दोन अक्षरे. अशा चाचण्यांतून त्या काळी नुकत्याच नावारूपाला आलेल्या एका विषाणूविषयी एक विलक्षण आकडा निघाला : तपासलेल्या १९६ माणसांपैकी ३३ जणांच्या रक्तात ‘झिका’चे प्रतिपिंड आढळले. झिका १९४७ साली युगांडातील त्याच नावाच्या अरण्यात, पिंजऱ्यात ठेवलेल्या ७६६ क्रमांकाच्या माकडाच्या रक्तात सापडला होता; तो पाच वर्षांच्या आत भारतातील खेडुतांच्या रक्तात कोठून आला?

निबंधकारांचा कल, झिका या देशात माणसांना होतो, असे मानण्याकडे होता. पुढील पिढ्यांतील विषाणुतज्ज्ञांनी मात्र या निष्कर्षावर फिर्याद गुदरली. त्यांचे म्हणणे असे की डेंगी, वेस्ट नाइल, जपानी मेंदूज्वर, पीतज्वर आणि झिका ही सगळी एकाच कुळातील भावंडे असल्यामुळे, ज्याला पूर्वी डेंगी होऊन गेला त्याचे प्रतिपिंड झिकालाही चिकटतात. सबब ते ३३ जण झिकाचे साक्षीदार नसून डेंगीचे असावेत. हा वाद आजतागायत पुरता मिटलेला नाही. महाराष्ट्रातील झिकाचा पहिला निश्चित रुग्ण जुलै २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे सापडला, तोही विषाणूचे जनुकद्रव्य तपासून. मधल्या सुमारे सत्तर वर्षांत झिका येथे गुपचूप नांदत होता की नव्हताच, याचा निवाडा नुसत्या जुन्या रक्तद्रवावरून होण्यासारखा नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर मला त्या ३३ जणांविषयी खात्री वाटण्यापेक्षा, तो आकडा किती प्रामाणिकपणे छापला गेला, याचेच अधिक कौतुक वाटते.

प्रतिपिंड चुकतो तो का, हे कळण्यासाठी तो ओळखतो कसा हे पाहिले पाहिजे. आपल्या गावांतून एखादी म्हातारी परक्या पोराचे नाक-कपाळ न्याहाळून ‘हा अमक्याच्या घरचा’ असे अचूक सांगते, परंतु भावांपैकी हा थोरला की धाकटा हे मात्र तिला सांगता येत नाही. प्रतिपिंडाची गतही पुष्कळदा तीच. तो इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा असतो, आणि त्याच्या दोन्ही बाहूंच्या टोकांशी प्रत्येकी सहा लहान वळसे असतात, ज्यांची घडण प्रत्येक प्रतिपिंडात निराळी असते. विषाणूच्या पृष्ठभागावरील एखाद्या उंचवट्याशी किंवा खाचेशी हे वळसे आकाराने जुळले, विद्युत्भार परस्परांस पूरक निघाले, आणि दोहोंमध्ये पुरेसे हायड्रोजन बंध जुळून आले, की ओळख पटली. विषाणू त्याला अखंड दिसतच नाही. त्याला दिसतो तो त्याच्या अंगावरील काही मोजक्या अणूंचा एक ठिपका. लसिका ग्रंथींतील पेशी संसर्ग चालू असतानाच आपल्या प्रतिपिंडाच्या आराखड्यात बारीक फेरफार करीत राहतात, आणि ज्यांची पकड अधिक घट्ट त्यांचीच पैदास वाढते. म्हणून जुनी ओळख नव्या ओळखीहून सहसा पक्की असते.

डेंगीच्या विषाणूची घडण रिचर्ड कून, मायकेल रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली उलगडली, तेव्हा त्याच्या अंगावर एकाच प्रथिनाच्या १८० प्रती, दोनदोनच्या जोड्यांनी आडव्या निजलेल्या आढळल्या. या प्रथिनाचा एक वळसा, जो पेशीच्या आवरणात घुसण्याच्या कामी येतो, तो सबंध कुळात जवळजवळ सारखाच असतो. त्याला चिकटणारा प्रतिपिंड सगळ्या भावंडांना ओळखतो, पण बहुधा कोणालाच पुरता आवरीत नाही. उलट त्याच प्रथिनाचा एक बाहेर डोकावणारा भाग प्रत्येक भावंडात निराळा असतो, आणि त्याला नेमके धरणारे प्रतिपिंड मोजके पण जालीम असतात. याहून वाईट असे की डेंगीच्या बाबतीत अर्धवट पकड कधीकधी विषाणूला रक्तपेशीत शिरण्यास साहाय्यच करते. फिलिपिन्समध्ये २०१६पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंगीची लस टोचल्यावर, ज्यांना पूर्वी डेंगी झालेला नव्हता अशांना ती अपायकारक ठरू शकते, असे २०१७च्या नोव्हेंबरात खुद्द उत्पादकालाच जाहीर करावे लागले. ओळख पटणे निराळे आणि बंदोबस्त होणे निराळे.

हाच धडा आपल्या सह्याद्रीने फार पूर्वी दिला होता. १९५७ साली म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात वानरे आणि माकडे पटापट मरू लागली आणि भोवतालच्या गावांत माणसे तापाने फणफणू लागली. माकडांचे मरण म्हणजे पीतज्वराची वर्दी, असा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचा अनुभव असल्यामुळे, आशियात कधी न आलेला तो रोग अखेर येऊन ठेपला की काय, या शंकेने पुण्याचे केंद्र हादरले. टेलफर्ड वर्क आणि हॅरल्ड ट्रापिडो प्रभृतींनी विषाणू वेगळा काढला, तेव्हा तो पीतज्वराचा निघाला नाही. त्याचे नाते जुळले ते रशियातील गोचिडांवाटे पसरणाऱ्या मेंदूज्वराशी. रक्तद्रवाच्या चाचण्यांत ही सोयरीक स्पष्ट दिसत होती. मग साहजिकच असा युक्तिवाद पुढे आला की भावंडाची लस तयार आहे, ती टोचून पाहावी. आणि फॉर्मलिनने मारलेल्या रशियन विषाणूची, उंदराच्या मेंदूत वाढवलेली लस शिमोग्यातील हजारो माणसांना देण्यात आली. १९६२ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये तिचा हिशेब प्रसिद्ध झाला, लस निरुपयोगी ठरली होती. चाचणीतील ओळख जंगलात कामी आली नाही.

या रशियन नात्याने आणखी एक प्रकरण उपस्थित केले, आणि त्याचा धागा आमच्या जिल्ह्यापर्यंत येतो. सैबेरियातून हिवाळ्यात येणारे पक्षी आपल्या पिसांतील गोचिडांबरोबर हा विषाणू आणीत असावेत, अशा तर्कावरून जागतिक आरोग्य संघटनेने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पक्ष्यांच्या पायांत वाळे घालण्याच्या कामासाठी द्रव्यसाहाय्य दिले. या कामाचे धुरीण सलीम अली, ज्यांनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या घरट्यांपुढे बसून केलेले निरीक्षण १९३०पासून विख्यात आहे. पुढे याच उपक्रमाला अमेरिकी लष्कराच्या संशोधन विभागाचा पैसा मिळू लागला, आणि मग वर्तमानपत्रांतून जंतुयुद्धाचे आरोप झाले. १९७५ साली संसदेच्या लोकलेखा समितीने परकीय साहाय्याच्या अशा संशोधनाची झाडाझडती घेतली. पक्ष्यांनी विषाणू आणल्याचा पुरावा मात्र कधीच हाती आला नाही. सलीम अलींच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु लष्कराचा पैसा घेणाऱ्या संस्थेने लोकांना त्याची आगाऊ कल्पना द्यावी, ही समितीच्या मागची भावनाही मला गैरवाजवी वाटत नाही.

भावंडाची लस फसल्यावर खुद्द क्यासनूरच्या विषाणूपासून लस करणे भाग पडले. कोंबडीच्या गर्भपेशींत वाढवून फॉर्मलिनने मारलेली ही लस पुण्यात सिद्ध झाली, आणि १९९० ते १९९२ या काळात कर्नाटकाच्या तीन जिल्ह्यांत तिची जी पारख झाली, तिचा वृत्तांत सी. एन. दंडवते आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली मांडला : एका मात्रेने ७९.३ टक्के, दोन मात्रांनी ९३.५ टक्के संरक्षण. आकडे देखणे होते. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन मात्रांचा गुण ६२.४ टक्क्यांवर उतरलेला दिसला आणि वर्धक मात्रा घेतली तरच तो ८२.९ टक्क्यांपर्यंत चढत होता. पुढे लसीची ताकदच संशयास्पद ठरून अखेर कर्नाटकात ती देणे थांबले.

फॉर्मलिन विषाणूला मारते, परंतु त्याच वेळी त्याची मुद्राही बिघडवू शकते, हे या शास्त्राला फार महागात पडून कळले. बालकांच्या श्वसनमार्गाला ग्रासणाऱ्या ‘आरएसव्ही’ विषाणूची अशीच मारलेली लस अमेरिकेत १९६६ साली तान्ह्या मुलांना देण्यात आली. पुढे संसर्ग झाल्यावर लस घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांहून बिकट झाली आणि दोन मुले दगावली. प्रतिपिंड निर्माण झाले होते, पण ते विषाणूला आवरणारे नव्हते. कारण उमगायला जवळपास अर्धशतक लागले. विषाणूचे मुख्य प्रथिन पेशीत शिरण्यापूर्वी एका आकारात दबा धरून असते आणि शिरताना दुसऱ्याच आकारात उलगडते. उपयुक्त प्रतिपिंड पहिल्या आकाराला ओळखतात, लसीत उरला होता दुसरा. २०१३ साली जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहॅम आणि पीटर क्वाँग यांनी एका जालीम प्रतिपिंडाने पहिल्या आकारालाच घट्ट धरून ठेवलेले प्रथिन स्फटिकरूपात पाहिले, आणि मग तो आकार मोडू नये अशी त्यात दुरुस्ती केली. येथे क्रम उलटा झाला हे ध्यानात घ्यावे : पूर्वी लस द्यावयाची आणि प्रतिपिंडाची वाट पाहावयाची; आता उत्तम प्रतिपिंड आधी निवडावयाचा, आणि तो कोठे बोट ठेवतो हे पाहून तेवढाच भाग लसीत घडवावयाचा. आरएसव्हीच्या लसी २०२३ साली मंजूर झाल्या त्या याच मार्गाने.

कोरोनाच्या विषाणूवरील काट्यासारख्या प्रथिनाला दोन ठिकाणी प्रोलिन बसवून खिळवण्याची युक्ती याच घराण्यातली. आपल्याकडे तयार झालेल्या लसींतच हा भेद पाहावयास मिळतो : कोव्हिशिल्डमधील काटा न खिळवलेला, कोव्होव्हॅक्समधील खिळवलेला, आणि कोव्हॅक्सिन, जिचा विषाणू पुण्याच्या विषाणू संस्थेने वेगळा केला, ती जुन्या परंपरेतील सबंध मारलेल्या विषाणूची. आमच्याकडे कोणी कोणती घेतली हे मात्र त्या दिवशी केंद्रावर काय उपलब्ध होते त्यावरच ठरले.

जानेवारी २०२०मध्ये कोरोनाचा जनुकीय मजकूर जाहीर झाला आणि मार्चच्या मध्यात अमेरिकेत पहिल्या स्वयंसेवकाच्या दंडात सुई शिरलीसुद्धा. क्यासनूरचा विषाणू १९५७पासून आपल्या परिचयाचा आहे. २०१५ साली तो गोव्यात सत्तरीत दिसला, २०१६ साली दोडामार्गात उतरला, आणि पुढच्याच वर्षी बांदा परिसरात पसरला; म्हणजे आमच्या दारावरून जाणाऱ्या महामार्गाच्या दुसऱ्या टोकाशी लोक त्याला आता ‘माकडताप’ म्हणून ओळखतात. काजू-बोंडू गोळा करणारी, लाकूडफाटा आणि पालापाचोळा आणणारी माणसे अंगाला गोचीडप्रतिबंधक तेल चोळून रानात जातात, आणि माकड मेलेले दिसले तर वर्दी देतात. याखेरीज त्यांच्या हाती काही नाही. प्रतिपिंड कोठे धरतो हे पाहून लस घडवण्याची विद्या आज पुण्यात आहे, हैदराबादेत आहे, आणि ती कोट्यवधी माणसांसाठी राबवून झालेली आहे. कमतरता ज्ञानाची नसून गिऱ्हाइकाची आहे : दरसाल काहीशे माणसांना, तीही बहुधा मोलमजुरी करणारी, होणाऱ्या रोगाची लस कोणत्याही कारखान्याला परवडत नाही. म्हणूनच ती सरकारी खर्चाने व्हावी, आणि तिचा खर्च आरोग्यखात्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र रकमेने दाखवावा, असे मला वाटते. सत्तर वर्षांपूर्वी पुण्याच्या केंद्राने ज्यांचे रक्त घेऊन कीर्ती मिळवली ती माणसेही अशीच खेड्यापाड्यांतली होती, आणि त्यांचे देणे अजून फिटलेले नाही.