‘सयाजीराव’ घोड्याचा जमाखर्च

बडोद्याच्या जुन्या मंडळींत शर्यतींचा विषय निघाला की ‘सयाजीराव’ या घोड्याचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ साली इंग्लंडातील लिलावात हे एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना घेतले. एवढ्या वयाच्या घोड्याला त्या देशात तोवर कोणी इतकी किंमत मोजली नव्हती. त्याचा सख्खा भाऊ डान्टे त्याच वर्षी डर्बी जिंकला होता, आणि भाव चढला तो त्यामुळे. १९४७ साली सयाजीरावाने आयर्लंडची डर्बी मारली. मग सप्टेंबरात, देश स्वतंत्र होऊन महिना झाला न झाला तोच, इंग्लंडची सेंट लेजरही जिंकली. अंतर किती, तर डोक्याएवढे! ही हकीकत सांगून झाली की सांगणारा हमखास म्हणतो, “पैसे वसूल झाले हो!”

वसूल झाले की नाही, हे पाहण्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूस मात्र मी पाहिला नाही. म्हणून हा उद्योग.

गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. तेव्हा २८,००० गिनींचे २९,४०० पौंड झाले. त्या वेळी रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स होता; त्या दराने ही रक्कम ३,९२,००० रुपये भरते. ही झाली नुसती खरेदी. चंदी-वैरण, मोतद्दार, नालबंद, शिक्षक आणि तबेल्याचे भाडे हा खर्च घोडा धावो वा न धावो, चालूच. आणि या सगळ्याच्या वर असते प्रवेशफी. ती हिशेबात धरायची कोणाला आठवण होत नाही, आणि नेमकी तीच हिशेब फिरवते.

इंग्रजी शर्यतींच्या नावामागे ‘स्टेक्स’ हा शब्द लागतो. त्याचा मूळ अर्थ घोडेमालकांनी पणाला लावलेले पैसे. १७८० साली पहिली डर्बी झाली, तिचा नियम असा: प्रत्येक घोड्यामागे ५० गिनी, नाव देऊन घोडा उतरवला नाही, तर निम्मे जप्त. नावे आली ३६, धावले ९. म्हणजे धावणाऱ्यांचे ४५० आणि घरी राहिलेल्या सत्तावीस घोड्यांचे ६७५, मिळून ११२५ गिनी. आता ‘११२५ गिनींची शर्यत’ असे आपण म्हणू. पण जिंकणाऱ्याचे स्वतःचे ५० त्यातच आहेत! बाकीच्या ३५ जणांच्या खिशातून आले ते १०७५. त्यांतही सर्वांत मोठा वाटा न धावलेल्या घोड्यांचा. पुढे बाहेरून भर घातलेले बक्षीस वाढत गेले, पण फी हप्त्याहप्त्याने भरण्याची रीत टिकली. शिंगरू वर्षाचे असतानाच नाव द्यायचे. मग शर्यत जवळ येत जाते तसे पैसे भरायचे, किंवा नाव काढून घेऊन भरलेल्या पैशांवर पाणी सोडायचे. घोडा पुढे धावेल की लंगडेल, हे त्या वेळी कोणाला ठाऊक?

ती पहिली डर्बी जिंकली डायोमेडने. तोच डायोमेड म्हातारपणी, १७९८ साली, ५० गिनींना विकला गेला. डर्बीची प्रवेशफी होती तेवढ्याच रकमेला! घेणाऱ्याने त्याला अमेरिकेत नेले आणि तिथे त्याचा वंश नामांकित झाला. त्या अमेरिकेतल्याच केंटकी डर्बीचे आजचे आकडे जाहीर असतात, म्हणून हिशेबाला सोयीचे.

२०२४पासून तिथे एकूण बक्षीस ५० लाख डॉलर आहे. त्यातले ३१ लाख पहिल्याला, दहा लाख दुसऱ्याला, पाच लाख तिसऱ्याला, अडीच लाख चौथ्याला, दीड लाख पाचव्याला. वेळेवर नाव दिले तर ६०० डॉलर, पुढे प्रवेशाचे २५,००० आणि धावण्याचे आणखी २५,०००. वीस घोडे उतरले, तर सहाव्यापासून विसाव्यापर्यंत पंधरा मालक प्रत्येकी ५०,६०० डॉलर ठेवून रिकाम्या हाती घरी जातात. जिंकणाऱ्याच्या रकमेतून जॉकीचा दहावा हिस्सा आणि शिक्षकाचा दहावा हिस्सा प्रथेने जातो. ते ६,२०,००० आणि फी वजा केली की ३१ लाखांचे २४,२९,४०० उरतात. म्हणजे जिंकूनही पाचव्या हिश्शाहून जास्त गेले, आणि चंदीचा हिशेब अजून मांडलेलाच नाही.

ही वजाबाकी मला नवी नाही. माझे वडील दरबारच्या कलावंत कारखान्यात होते. संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. पुढे बाहेरगावच्या मैफलींवर घर चालले, तेव्हा बिदागीच्या वहीत ते डावीकडे ठरलेली रक्कम लिहीत आणि उजवीकडे तबलजी, सारंगिये, रेल्वे, टांगा. ज्या मैफलीला बोलावणे येऊन ती रद्द झाली, तिचे तिकीटही उजवीकडेच. “गाणे झाले नाही, पण भाडे गेले ना?” असे ते विचारीत. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी परवा गायनस्पर्धेतल्या हजार रुपयांच्या बक्षिसाचे पेढे वाटले. त्या वर्षी ती पाच स्पर्धांत उतरली होती आणि प्रत्येकीची फी तीनशे. पेढे मात्र उत्तम होते.

घोड्यांच्या बाबतीत डोळ्यांपुढे येतो तो नेहमी भाग्यवान घोडा. ‘रिच स्ट्राइक’ ३०,००० डॉलरला घेतलेला. २०२२ साली दुसरा एक घोडा ऐन वेळी गळाला म्हणून त्याला केंटकी डर्बीत जागा मिळाली, आणि तो जिंकला. बक्षीस १८,६०,०००. उलट ‘ग्रीन मंकी’ २००६ साली एक कोटी साठ लाख डॉलरला गेला. तो तीनदा धावला, एकदाही जिंकला नाही आणि जन्मभरात कमावले १०,४४० डॉलर. हे दोघे एकाच तबेल्यात असते, तर? मग तबेल्याचा हिशेब बघावा लागेल, एका घोड्याचा नव्हे. माझ्या मते खरा नफा तिथेच दिसतो, किंवा दिसत नाही.

सयाजीरावही १९४७च्या इंग्लिश डर्बीत तिसरा आला होता आणि टू थाउजंड गिनीजमध्येही तिसराच. फी तिथेही पूर्ण लागली, आणि तिसऱ्याचे बक्षीस पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही. १९४८ साली महाराजांच्याच ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज मारली. पण पागेतल्या ज्या घोड्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत, त्यांच्याही फीचे हप्ते जातच होते. ‘वसूल झाले’ म्हणणारा माणूस सेंट लेजर जमेला धरतो आणि त्यांना वहीतून खोडून टाकतो.

शिवाय वही कोणाची? खाजगीची की राज्याची? महाराजांनी खजिन्यातून उचललेल्या रकमांवरून १९४८ साली मोठा गदारोळ झाला, आणि १९५१ साली भारत सरकारने त्यांची मान्यताच काढून घेतली. घोड्यांमुळेच ते झाले असे मी म्हणणार नाही. परंतु आपला सयाजीराव जिंकला म्हणून ज्या रयतेने साखर वाटली असेल, तिला या वहीची उजवी बाजू पाहण्याचा हक्क होता, एवढे खरे.

घोड्याची खरी कमाई पुढे पैदाशीतून होते. सयाजीरावाच्या ग्लॅडनेस या घोडीने १९५८ साली ॲस्कॉट गोल्ड कप जिंकला, आणि १९६४ साली इंडियाना या त्याच्या मुलाने बापाचीच सेंट लेजर पुन्हा मारली. त्या दोघांची प्रवेशफी दुसऱ्या मालकांनी भरली होती; बक्षीसही त्यांच्याच वहीत जमा झाले.