चहाला तीन पॉवर बँका

खिशात मावणाऱ्या 10,000 एमएएचच्या पॉवर बँकेत सत्तर किलोच्या ट्रेकरला सरळ वर 190 मीटर उचलता येईल इतकी ऊर्जा असते. म्हणजे कुतुबमिनारच्या अडीचपट उंच! वजन मात्र जेमतेम पाव किलो. आणि विजेच्या बिलात मोजली तर ही ऊर्जा एका युनिटचा सत्ताविसावा हिस्सा. घरी आपण ती गिझरच्या मिनिटभरात उडवतो.

ही करामत लिथियमची. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन-हेलियमसोबत थोडं लिथियमही घडलं होतं. धातूंमध्ये ते सर्वांत हलकं, इतकं की पाण्यावर तरंगेल, आणि आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकायला सदैव उतावळं. म्हणून साधा पेन्सिल सेल दीड व्होल्ट देतो तिथे लिथियम-आयन सेल 3.7 व्होल्ट देतो. आत लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांतून निघून पलीकडच्या ऑक्साइडमध्ये शिरतात, चार्ज करताना परत येतात. शेकडो वेळा ही ये-जा होते. यावर काम करणाऱ्या तिघांना 2019चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते.

दुकानात मात्र नजर एमएएचवर जाते, आणि तिथेच गफलत होते. तो आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा. यूएसबीतून बाहेर पडताना व्होल्टेज 5 होतं आणि वाटेत थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. खरं माप वॉट-अवर. 10,000 एमएएच म्हणजे 37 वॉट-अवर, त्यातले हाती लागतात तीसेक. तेवढ्यात 5,000 एमएएचचा फोन दीड वेळा भरतो किंवा एक वॉटचा एलईडी दिवा तीस तास जळतो.

आता याच पॉवर बँकेवर चहाचं पाणी ठेवू या. लिटरभर पाणी 20 अंशांवरून उकळायला 93 वॉट-अवर लागतात. तीन पॉवर बँका एका पातेल्यात संपल्या! स्टोव्हवर अर्धी उष्णता वाऱ्यावर गेली तरी पंधरा ग्रॅम गॅसमध्ये तेच काम होतं. माझ्या मते कॅम्पिंगच्या विजेचं सारं गणित इथेच सुटतं: उजेड, नकाशा, निरोप विजेवर, उष्णता गॅसवर. इंडक्शन शेगडी चालवण्यासाठी दहा-बारा किलोचं पॉवर स्टेशन गाडीतून नेता येईल, पाठीवरून नाही.

सह्याद्रीत फोनची बॅटरी खातं ते बहुतेक वेळा नेटवर्क. दरीत रेंज नसली की फोन टॉवर शोधत बसतो. फ्लाइट मोड लावा. जीपीएस तरीही चालतं, फक्त नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा. घडीच्या सोलर पॅनलवर पावसाळ्यात भिस्त ठेवू नका, ढगाळ दिवशी तो लिहिलेल्या वॉटचा जेमतेम अंश देतो.

हिमालयात प्रश्न थंडीचा. गारठ्यात आयनांची चाल मंदावते, बॅटरी रिकामी झाल्यासारखी वाटते; ऊब मिळाली की बरीचशी परतते. रात्री ती स्लीपिंग बॅगेत घ्या, पण शून्याखाली गोठलेली बॅटरी चार्ज करू नका, आत धातूचा थर साचून ती कायमची बिघडते. आणि लेहला विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या सामानात ती चालत नाही. विनापरवानगी मर्यादा 100 वॉट-अवरची आहे, म्हणजे 27,000 एमएएचपर्यंत.