कारण सापडलं, पण तेच का?

'घड्याळ काढा. काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर ठेवा.' विसरायला होतंय म्हणून दाखवायला आलेल्या माणसापुढे डॉक्टर कोरा कागद सरकवतात, तेव्हा सोबतच्या मुलांना तो पोरखेळ वाटतो. ही वेळ मात्र मुद्दाम निवडलेली असते. 'दहा' ऐकलं की हात दहाच्या आकड्याकडे ओढला जातो; तो आवरून मिनिटकाटा दोनवर न्यावा लागतो. मेंदूचा हा आवर सुटत चालला असेल तर कागदावर लगेच दिसतं. तो का सुटतोय, हे घड्याळ सांगत नाही.

'वय झालं, चालायचंच' म्हणत वर्षं घालवणारी घरं पुष्कळ. तपासणीआधीच अल्झायमरचा शिक्का मारणारीही कमी नाहीत. मंदावलेली थायरॉइड, नैराश्य, झोपेत अडकणारा श्वास, पडल्यावर कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त, यांनीही स्मृती ढासळते. लघवीच्या घाईवर किंवा ॲलर्जीवर घेतलेल्या काही गोळ्यांनीसुद्धा. म्हणून रिपोर्टच्या फायलीआधी औषधांची पिशवी टेबलावर ओतावी, असं मला वाटतं.

बी-१२चं प्रकरण जरा खोलात पाहण्यासारखं आहे. हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातून मिळतं, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं घेतलेलं मेटफॉर्मिन त्याचं शोषण कमी करतं. ते घटलं की मज्जातंतूंवरचं आवरण बिघडतं, तळपाय बधिर होतात, विचार मंदावतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांशांमध्ये बी-१२ कमी आढळलं होतं. गोम इथेच आहे. जे इतक्या जणांत कमी, ते या रुग्णातही कमी निघणारच. इंजेक्शनं घ्यायचीच, पण विस्मरणाचं मूळ तेच होतं का, हे काही महिन्यांनी फरक पडला की नाही यावरून ठरतं.

अल्झायमरचंही तसंच. मेंदूत अमायलॉइड हे प्रथिन साचलं म्हणजे स्मृती गेलीच असं नाही. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूत मृत्यूनंतर या रोगाच्या खुणा भरपूर सापडल्या, पण हयातीत त्यांची बुद्धी शाबूत होती. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली, तीही लक्षणं असलेल्या, ५५ वर्षं व त्यावरील वयाच्या व्यक्तींसाठीच. सहज कुतूहल म्हणून करून घ्यायची ही तपासणी नव्हे.

क्वचित मात्र शरीरच झटपट उत्तर देतं. कोलंबियातले मेंदूशल्यविशारद सालोमोन हाकिम यांनी १९६५च्या सुमारास जगापुढे आणलेल्या एका आजारात मेंदूतल्या पोकळ्या द्रवाने फुगतात, पण कमरेतून मोजलेला दाब नेहमीसारखाच भरतो. रुग्णाचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, लघवीवर ताबा राहत नाही, विसरणं वाढतं. तिन्ही गोष्टी म्हातारपणाच्या खात्यात सहज जमा होणाऱ्या! चाचणी अशी : आधी रुग्णाला चालायला लावून वेळ घ्यायची, कमरेतून ३० ते ५० मिलिलिटर द्रव काढायचा, मग पुन्हा चालवायचं. पावलं सुटी पडली तर हा द्रव वाहून नेणारी नळी बसवून फायदा होण्याची आशा वाढते. चाल लवकर सुधारते, स्मृती मागे रेंगाळते.

बाकी बहुतेकांना सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा बोलावतात. तोवर घरच्यांनी काय लिहून ठेवावं? चष्मा कुठे ठेवला हे विसरल्याची नोंद फारशी कामाची नाही. पेन्शनचा हिशेब, रोजच्या भाजीची फोडणी, ओळखीचा रस्ता यांतलं काय अडू लागलं आणि कोणत्या महिन्यापासून, ते तारखेसकट हवं. आणि डॉक्टरांनी विचारलं की आधी रुग्णाला बोलू द्यावं.