मोत्याला फिट येते, तो पिसाळलेला नाही

या पानावर आपण बीपी, शुगर, बाळंतिणीचा आहार, डेंग्यू यांविषयी वाचत आलो. या वेळी आम्ही कुत्र्याच्या दुखण्याविषयी लिहितो आहोत. आपल्या वस्त्यांमध्ये कुत्री पुष्कळ घरांच्या ओट्यावर असतात. त्यांना झटका आला की ती पिसाळली असे समजून लोक काठ्या उचलतात. आमच्या मोत्यावर ती वेळ आली होती.

गेल्या वर्षावासातली गोष्ट. पहाटेचे पाच वाजले असतील. पूर्णेच्या आमच्या वस्तीत नळाला पाणी आले होते, बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. ओट्यावर झोपलेला मोत्या झोपेतच आखडला. चारी पाय काठीसारखे ताठ, मान मागे. मग सायकल मारल्यासारखे पाय हलू लागले, जबडा कटकट वाजू लागला, तोंडाला फेस आला, लघवी झाली. मोत्या साडेतीन वर्षांचा गावठी कुत्रा, त्याआधी कधी आजारी पडलेला नाही. "पिसाळलंय! पोरं आत घ्या!" कोणीतरी ओरडले. एक जण काठी घेऊन आला. एका म्हातारीने चप्पल हुंगवायला आणली, दुसरीने कांदा फोडला. आम्ही स्वतः काय केले, तर त्याच्या तोंडात पाणी ओतले. थोरल्या भावाला वाटले की जीभ घशात जाईल, म्हणून त्याने तोंडात हात घातला. दात अंगठ्यात रुतले.

आम्हाला ती पंधरा मिनिटे वाटली. पाण्याला उभ्या असलेल्या एका पोराने मोबाइलवर चित्रण केले होते, ते नंतर पाहिले तर दोन मिनिटेसुद्धा पुरी नव्हती. मोत्या उठला, भिंतीला धडकला, आम्हाला न ओळखल्यासारखा फिरत राहिला. तासाभराने भाकरी मागू लागला. दुपारी नेहमीसारखा पोरांमागे पळत होता.

पिसाळलेला कुत्रा असा सावरत नाही, हे आम्हाला त्या दिवशी ठाऊक नव्हते. रेबीज झालेल्या कुत्र्याचे वागणे बदलते, आवाज बदलतो, तो उगाच चावत सुटतो किंवा कोपऱ्यात दडून बसतो, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, आणि लक्षणे दिसू लागल्यावर साधारण दहा दिवसांच्या आत तो मरतो. फिट येणारा कुत्रा दोन झटक्यांच्या मधल्या काळात पूर्वीसारखाच असतो. तरीही चाव्याच्या बाबतीत अंदाजावर जाऊ नये. मोत्याची लस चुकलेली होती. भावाची जखम आम्ही साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि त्याच सकाळी सरकारी दवाखाना गाठला. लस तिथे फुकट मिळते. भावाने ठरलेल्या तारखांची सगळी इंजेक्शने घेतली आणि मोत्यावर आम्ही दहा दिवस लक्ष ठेवले. ज्या अनोळखी किंवा लस न दिलेल्या कुत्र्याचे वागणे आधीपासून बिघडले आहे, त्याला झटके येत असतील तर जवळ जाऊ नका, लाळेला हात लावू नका.

महिन्याभराने दुसरी फिट आली. त्यानंतर बाराव्या दिवशी तिसरी. एव्हाना वस्तीत सल्ले सुरू झाले होते. बाहेरचं असेल, उतारा टाका. नदीपलीकडे सोडून या. खोटे कशाला सांगावे, सोडून देण्याचा विचार आमच्याही घरात एका रात्री झाला. हातावर पोट असलेल्या घरात कुत्र्याच्या औषधाला पैसे कुठून आणायचे? बाबा तेवढे म्हणाले, "विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणताना तेरावीला आवाज चढवता. तिच्यात प्राण्यांवर दया करीन एवढंच नाही, लालनपालन करीन असंही आहे." मग विषय संपला आणि आम्ही परभणीला जायचे ठरवले.

परभणीला पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालय आहे. 1972 साली सुरू झालेले हे महाविद्यालय आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाखाली येते, आणि तिथल्या दवाखान्यात गायी-म्हशी-शेळ्यांबरोबर कुत्रीही तपासतात. जिल्ह्यातल्या पुष्कळ लोकांना वाटते की ते फक्त ढोरांसाठी आहे. रिक्षा ठरवून गेलो. केसपेपर काढला. डॉक्टरांनी इंजेक्शन टोचण्याआधी प्रश्नच जास्त विचारले. वय किती, लशी कोणत्या झाल्या, डोक्याला मार लागला का, उंदराचे औषध ठेवता का, फवारणीची भांडी कुठे धुता, झटका किती वेळ होता, त्याआधी आणि नंतर तो कसा वागला. मोबाइलवरचे चित्रण पाहून ते म्हणाले की याने आमचे अर्धे काम केले. रक्त तपासले.

मेंदूचे काम बारीक विजेवर चालते. ती वीज एकदम बेताल झाली की शरीर आखडते आणि झटके देते. रक्तातली साखर, कॅल्शियम, यकृत सगळे ठीक असेल, विषबाधा नसेल, आणि सहा महिने ते सहा वर्षे या वयात झटके सुरू झाले असतील, तर बहुधा तो अपस्मार असतो. यालाच आपल्याकडे फेफरे किंवा मिरगी म्हणतात. तो मुळापासून जात नाही, आटोक्यात ठेवता येतो. एकाच झटक्यावर सहसा रोजची गोळी सुरू करत नाहीत. सहा महिन्यांत दोन किंवा जास्त झटके आले, अथवा एकच पण लांबलेला आला, तर करतात. हा आजार पुष्कळदा वंशातून येतो, म्हणून अशा कुत्र्याची पिल्ले घेऊ नयेत.

गोळीचे नाव ऐकले आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. फिनोबार्बिटोन. घरात तिला गार्डेनल म्हणतात, कारण आमची आत्या तीच गोळी वीस वर्षे घेते आहे. आत्याला लहानपणी फिट यायची तेव्हा तिलाही चप्पल हुंगवली, लग्नाकार्यात पुढे येऊ दिले नाही, चुलीजवळ बसू दिले नाही. सरकारी दवाखान्यातली गोळी सुरू झाली तेव्हा कुठे ते थांबले. परभणीहून आल्यावर तिने मोत्याची गोळी आपल्याकडे घेतली. "चुकली की आली. मला नका शिकवू," म्हणाली. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, वरणात कुस्करलेल्या भाकरीच्या घासात. पण घरात माणसाची पट्टी आहे म्हणून त्यातलीच मोडून कुत्र्याला घालू नका. कुत्र्याचा डोस त्याच्या वजनावर ठरतो आणि ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची असते.

पहिले दोन आठवडे मोत्या झोपाळलेला होता, मागचे पाय लटपटायचे. भूक आणि तहान इतकी वाढली की शेजारच्या टोपलीतल्या भाकऱ्या गेल्या आणि आमचे भांडण झाले. डॉक्टरांनी हे आधीच सांगितले होते, म्हणून गोळी बंद केली नाही. झोप आणि लटपट हळूहळू कमी झाली. भूक राहिली, म्हणून भाकरी मोजून देतो, नाहीतर कुत्रा फुगतो. गोळीचा भार यकृतावर पडतो, त्यामुळे अधूनमधून रक्त तपासावे लागते. गोळ्यांचा महिन्याचा खर्च आमच्या चहासाखरेपेक्षा कमी आहे. महाग पडते ते परभणीला जाणे, रिक्षाभाडे आणि बुडालेली एक दिवसाची मजुरी.

सगळ्यात मोठी चूक डिसेंबरात झाली. 6 डिसेंबरला आम्ही सगळे चैत्यभूमीला गेलो, आत्यासुद्धा. गोळ्या शेजारच्या पोराकडे दिल्या. कुत्रा तर ठणठणीत दिसतोय, मग कशाला द्यायची, असे त्याला वाटले. त्याला दोष देत नाही. का द्यायची हे आम्हीच समजावून सांगितले नव्हते. तीन दिवस गोळी गेली नाही. आम्ही परतलो त्या रात्री मोत्याला तीन झटके आले, आणि तिसरा थांबेचना. पहाटे रिक्षात घालून परभणीला नेले. औषध सोडून झटका थांबवला तेव्हा त्याचे अंग तव्यासारखे तापलेले होते. ही गोळी एकाएकी बंद केली तर झटके पहिल्यापेक्षा जोरात येतात. कमी करायची असेल तर डॉक्टरच हळूहळू करतात.

आता झटका आला की आमच्या घरात आधी घड्याळ पाहतात. पोरांना मागे घेतात, जवळचा पाटा, खाट, हंडा बाजूला करतात, डोक्याखाली गोधडीची घडी सरकवतात, दिवा मालवतात. तोंडाजवळ हात नाही. कुत्रा जीभ गिळत नाही, पण चावतो मात्र, आणि त्याला ते कळतही नसते. तोंडात पाणी ओतले तर ते फुफ्फुसात जाऊ शकते. उभा राहून नीट गिळू लागला की मगच पाणी. झटका संपल्यावरही अर्धा-एक तास तो आंधळ्यासारखा फिरतो, तेव्हा विहीर, रस्ता, रूळ आणि गच्ची यांपासून त्याला सांभाळावे. पाच मिनिटांवर गेला, किंवा चोवीस तासांत दुसरा आला, तर वाट पाहायची नाही, निघायचे.

प्रत्येक झटका मिरगीचाच असतो असेही नाही. कापसावर फवारणी चालू असताना शेतातून आलेला कुत्रा लाळ गाळत थरथरत असेल तर ते विष असू शकते. औषधाचा डबा किंवा पुडी सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. नुकतीच व्यालेली कुत्री पिल्लांना पाजताना ताठरत असेल, तर रक्तातले कॅल्शियम घसरले असण्याची शक्यता मोठी. ते इंजेक्शनने सावरते, पण उशीर चालत नाही. लस न दिलेल्या पिल्लाला ताप, डोळ्यानाकातून घाण आणि मग झटके, हा बहुतेक डिस्टेंपर. मे महिन्यात पत्र्याखाली बांधलेल्या कुत्र्याला उष्माघातानेही झटके येतात. आपल्याकडचा उन्हाळा सांगायला नको.

धाकटीच्या जुन्या वहीत आम्ही तारीख, वेळ, मिनिटे आणि त्या दिवशी काय खाल्ले ते लिहून ठेवतो. डॉक्टर पहिल्यांदा तीच वही मागतात. डिसेंबरनंतर तिच्यात दोनच ओळी वाढल्या आहेत, दुसरी दीड मिनिटाची, झोपेतली. शेजारचा पोरगा आता आत्याकडे गोळी द्यायला शिकतो आहे, कारण पुढच्या महिन्यात गंगाखेडला लग्न आहे आणि आम्हा सगळ्यांना जायचे आहे.