‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी

खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया सुरळीत पार पडलेली असते. दुसऱ्या रात्री मात्र ऐंशीच्या घरातील आजी सलाइनची नळी ओढू लागतात, शेजारी बसलेल्या मुलाला ओळखत नाहीत, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून घाबरतात. ‘वय झाले, आता हे असेच चालायचे,’ असे म्हणून घरची मंडळी हताश होतात. रुग्णालयांत वारंवार दिसणाऱ्या या प्रसंगातील तो निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो.

स्मृतिभ्रंश, अर्थात डिमेन्शिया, सहसा महिन्या-वर्षांच्या संथ गतीने वाढतो. डेलिरियम ही संभ्रमावस्था काही तासांत वा दिवसांत उद्भवते आणि दिवसभरात कमीजास्त होत राहते. तिच्या मुळाशी मूत्रमार्गाचा वा फुप्फुसाचा संसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम घटणे, वेदना, बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, एखादे औषध अशी कारणे असतात. ती शोधून वेळीच उपचार केल्यास अनेक रुग्ण पूर्ववत होतात. सर्वच रुग्ण आरडाओरडा करतात असे नाही. काही केवळ सुस्त व अबोल होतात आणि नेमके तेच नजरेतून सुटतात.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना हा धोका अधिक असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. साहजिकच हा प्रश्न असंख्य कुटुंबांच्या उंबरठ्यावर उभा आहे.

यावर शुश्रूषेचा उपयोग किती होतो, हे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉ. शेरॉन इनूये व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. सत्तरी गाठलेल्या वा ओलांडलेल्या ८५२ रुग्णांच्या या अभ्यासात नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांपैकी १५ टक्के रुग्णांना, तर विशेष शुश्रूषा मिळालेल्यांपैकी ९.९ टक्के रुग्णांना डेलिरियम झाला. ही विशेष शुश्रूषा अगदी साधी होती: चष्मा व श्रवणयंत्र हाताशी ठेवणे, दिवस-वार-स्थळ पुनःपुन्हा सांगणे, वेळेवर पाणी पाजणे, लवकर चालते करणे, रात्री गोंगाट टाळणे आणि झोपेच्या गोळीऐवजी कोमट पेय, मंद संगीत व पाठीला मालिश.

संभ्रम उद्भवल्यावरही कुशल परिचारिका रुग्णाशी वाद घालत नाही. समोर येऊन, आपले नाव सांगून ती छोट्या वाक्यांत बोलते. हातपाय बांधल्याने भीती व अस्वस्थता वाढते, म्हणून ती परिचित माणसाला उशाशी बसवते.

आणि या परिचित माणसाकडे एक अशी माहिती असते, जी कोणत्याही तपासणी-अहवालात सापडत नाही. रुग्णाची कालपर्यंतची बुद्धी, बोलणे, झोप कशी होती, हे केवळ घरच्यांनाच ठाऊक असते. नेहमीच्या औषधांच्या यादीबरोबरच ‘काल त्या अशा नव्हत्या’ एवढे एक वाक्य परिचारिकेच्या कानी वेळेवर घातले, तर उपचारांची दिशा बदलू शकते.