नूंचे स्थलांतर : केव्हा व कोठे पाहावे

पूर्व आफ्रिकेत, विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेस, टांझानिया व केनिया ह्या दोन देशांच्या सीमेलगत सेरेनगेटीचे विस्तीर्ण माळरान पसरलेले आहे. मासाई लोकांच्या भाषेत ह्या नावाचा अर्थ ‘जेथे भूमी संपत नाही असा प्रदेश’ असा सांगतात. ह्या माळरानावर नू ऊर्फ विल्डेबीस्ट नावाचे कुरंग लक्षावधींच्या संख्येने राहतात. किंबहुना ते तेथे राहतात असे म्हणण्यापेक्षा अखंड चालत असतात असे म्हणणेच अधिक योग्य. गवत व पाणी ह्यांच्या मागे हे कळप वर्षभरात एक मोठी प्रदक्षिणा पुरी करतात. त्यांच्या सोबतीला सुमारे दोन लक्ष झेब्रे आणि आपल्याकडील चिंकाऱ्याशी नाते सांगणारे थॉमसन गॅझेलही असतात.

ही यात्रा पाहण्यासाठी जगभरातून प्रवासी जातात आणि पुष्कळांचा पहिला प्रश्न एकच असतो : कोणत्या तारखेस निघावे? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर देणारे पंचांग कोणाजवळही नाही. नूंची यात्रा तिथी पाहून निघत नाही, ती पाऊस पाहून निघते. (‘सफारी’ हा स्वाहिली शब्दही प्रवासाचाच वाचक असून त्याचे मूळ आणि आपल्या ‘सफर’ शब्दाचे मूळ अरबीत एकच आहे.)

ह्या प्रदेशात पावसाळे दोन. नोव्हेंबर-डिसेंबरातील थोड्या दिवसांच्या पावसास स्वाहिलीत ‘वुली’ म्हणतात आणि मार्च ते मे ह्या काळातील दीर्घ पावसास ‘मसिका’. आपल्या मोसमी पावसाची सवय असलेल्या वाचकाने हे आधी ध्यानात घ्यावे की, तेथे जून ते ऑक्टोबर हा कोरडा काळ असतो.

वुलीच्या सरी पडू लागल्या की कळप दक्षिणेकडे वळतात. दक्षिणेचे माळ दिसावयास उजाड आहेत. गोरोंगोरो परिसरातील ज्वालामुखींनी प्राचीन काळी उधळलेली राख तेथे साचली असून तिच्याखाली एक कठीण थर बसला आहे. झाडांची मुळे तो भेदू शकत नाहीत, म्हणून तेथे केवळ आखूड गवत उगवते. परंतु हेच गवत कॅल्शियम व फॉस्फरस ह्यांनी समृद्ध असते आणि पाडसास पाजणाऱ्या मादीला नेमके तेच हवे असते. मग असे सकस कुरण सोडून कळप उत्तरेस जातात तरी कशाला? पाऊस सरला की दक्षिणेत पिण्याजोगे पाणी उरत नाही, हे त्याचे कारण. उत्तरेस पाणी बारमाही, पण गवत त्या मानाने निकस. ह्या दोहोंमधील ओढाताण हेच स्थलांतराचे मूळ होय.

फेब्रुवारीच्या सुमारास, न्दुतूच्या आसपासच्या माळावर, वर्षाची बहुतेक पाडसे दोन-तीन आठवड्यांत जन्मास येतात. पाडस काही मिनिटांतच पायांवर उभे राहते आणि लवकरच आईच्या बरोबरीने धावू लागते. तरस, सिंह व चित्ते टपून बसलेले असतात; परंतु एकाच वेळी इतकी पाडसे जन्मल्यामुळे त्यांतील थोडीच त्यांच्या हाती लागतात. प्रवासपत्रकांतून नदी ओलांडण्याच्या चित्रांचाच डांगोरा फार पिटला जातो. पण ज्यास प्राणिजीवन समजून घ्यावयाचे आहे, त्याने जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या प्रारंभापर्यंतचा काळच निवडावा. ह्या दिवसांत कळप मोकळ्या माळावर असतात व सहसा निराशा पदरी येत नाही.

भारतीय प्रवाशांची एक अडचण येथे सांगितली पाहिजे. आपल्या बहुतेक राज्यांत शाळांची मोठी सुट्टी एप्रिल-मे ह्या महिन्यांच्या सुमारास येते आणि तीच नेमकी मसिकाची वेळ. कळप तेव्हा वायव्येच्या वाटेला लागलेले असतात. चिखलात मोटारी रुततात आणि कित्येक तंबूनिवास बंद ठेवलेले असतात. त्या काळात दर उतरतात हे खरे. पण दर का उतरले, ह्याचाही विचार करावा.

मेच्या अखेरीस व जूनमध्ये नरांच्या झुंजी होऊन माद्यांचा माज उरकतो. त्या सुमारास काही कळप पश्चिमेकडील ग्रुमेती नदी ओलांडतात. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत ते सेरेनगेटीच्या उत्तर भागात व केनियाच्या मासाई मारा अभयारण्यात असतात. मारा नदीची प्रसिद्ध दृश्ये ह्याच काळातील. मात्र कळप आज उतरेल की उद्या, हे तेथील अनुभवी वाटाड्यासही सांगता येत नाही. हजारो नू काठावर जमतात, तासन्‌तास खोळंबतात आणि कित्येकदा पाण्याला तोंडही न लावता मागे फिरतात. जो एका दिवसाच्या भरवशावर जातो, तो रिकाम्या डोळ्यांनी परततो. निदान चार दिवस हाताशी असावेत. दसऱ्याची सुट्टी ऑक्टोबरच्या प्रारंभी आली तर तीही साधते. दिवाळीपर्यंत मात्र कळपांनी बहुधा दक्षिणेची वाट धरलेली असते.

नदीत मगरींनी मारलेल्या नूंपेक्षा बुडून मेलेल्यांची संख्याच मोठी असते. २००१ ते २०१५ ह्या काळातील नोंदींवरून वर्षाकाठी सरासरी ६,२५० नू बुडतात, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्यांच्या शवांवर मासे व गिधाडे पोसली जातात आणि हाडांतील फॉस्फरस पुढे कित्येक वर्षे पाण्यात उतरत राहतो.

हे विराट कळप एकेकाळी फारच लहान होते. १८९० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत गुरांच्या बुळकांडीची साथ पोचली आणि तीत मासाईंच्या गुराढोरांबरोबर नूंचाही संहार झाला. पुढेही कित्येक वर्षे पाडसे ह्या रोगाने मरत राहिली. १९५०-६० च्या दशकात बर्नहार्ड ग्झिमेक व त्यांचा पुत्र मायकेल ह्यांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगविलेल्या लहान विमानातून केलेल्या गणतीत सुमारे एक लक्ष नू भरले. जानेवारी १९५९ मध्ये एका गिधाडाशी टक्कर होऊन ते विमान कोसळले व मायकेलचा मृत्यू झाला. पुढे आसपासच्या पाळीव गुरांना लस टोचण्यात आली आणि १९६३ च्या सुमारास रानातल्या नूंमधूनही रोग नाहीसा झाला. वास्तविक नूंना कोणी लस दिलीच नव्हती! १९६१ मध्ये सुमारे अडीच लक्ष असलेली त्यांची संख्या १९७७ पर्यंत तेरा लक्षांच्या घरात गेली. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली.

अनेक वर्षे तेरा लक्षांचाच आकडा सांगितला जात असे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहांच्या छायाचित्रांवरून केलेली गणती मात्र सहा लक्षांच्या आतच भरली. गणतीची रीत बदलली म्हणून हा फरक पडला की कळप खरोखर घटले, ह्याविषयी तज्ज्ञांत चर्चा चालू आहे. केनियातील लोइटा माळावरून मारा प्रदेशात येणाऱ्या नूंविषयी तशी शंका नाही. तेथे कुंपणे व शेते वाढली आणि १९७० नंतरच्या दशकांत ते कळप झपाट्याने ओसरले. मारा नदीचा उगमही अभयारण्याबाहेर, माऊच्या जंगलात आहे. तेथील झाडे तुटली की खाली नदीचे मान बिघडते; आणि सेरेनगेटीच्या उत्तरेस, सर्वत्र पाणी आटलेले असताना, नूंना आधार असतो तो ह्याच एका नदीचा.